आईचा भाजीचा माल उचलला, लायसन नाही. काय करता येईल?

शेवंता: आई बावीस वर्षं स्टेशनबाहेर मेथी-कोथिंबीर विकते. मंगळवारी पथकानं काटा, छत्री, चार क्रेट भाजी नेली. पावती नाही. ओलं गोणपाट तेवढं राहिलं. "लायसन दाखव" म्हणतात. अहो, आमच्याकडे फेरीवाल्यांचा सर्व्हेच झालेला नाही!

वकीलकाका: ताई, २०१४ चा पथविक्रेता कायदा वाचा. कलम ३ नुसार सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कुणा विक्रेत्याला हटवता येत नाही. कलम १९ नुसार जप्त मालाची यादी द्यावीच लागते. शुल्क भरून मागितलात तर नाशवंत माल त्याच दिवशी परत, बाकीचा दोन कामकाजाच्या दिवसांत. लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

गाडीवाला: १९८९ च्या सोदान सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टानं फुटपाथवरचा धंदा हा घटनेतला मूलभूत हक्क मानला. पण ठरावीक जागेवर हक्क नाही, हेही तिथंच म्हटलंय. म्हणून जागेपेक्षा सर्व्हेवर जोर द्या. आमच्या गल्लीतल्या चौदा जणांनी मिळून अर्ज केला, तेव्हा कुठं साहेबांनी ऐकलं.

शेवंता: काका, अर्ज दिला, पोच मिळाली. काटा परत आलाय, कोथिंबीर मात्र सडली. शेजारच्या फुलवाल्या मावशीही आता सही करणार आहेत.