उंदीर संपवायचे, पण कुठले?

चिचुंद्री: बाहेरून येऊन बेटांवर माजलेल्या उंदरांवर जीन ड्राइव्हचं संशोधन करते, म्हणून घरातूनच शिव्या खाते. एरवी एखादं जनुक निम्म्या पिल्लांत उतरतं. ड्राइव्ह मात्र क्रिस्पर या जनुकं कापणाऱ्या तंत्राच्या कात्रीने जोडीच्या गुणसूत्रावर स्वतःची नक्कल करतो नि जवळजवळ सगळ्यांत जातो. त्यावर मादी वांझ करणारा बदल चढवला की पैदास आटते. दक्षिण अटलांटिकमधल्या गॉफ बेटावर जहाजांतून आलेले उंदीर अल्बाट्रॉस या समुद्रपक्ष्याची पिल्लं जिवंत कुरतडतात. २०२१ मध्ये तिथे हेलिकॉप्टरमधून विष टाकलं. डिसेंबरात उंदीर पुन्हा हजर! विषाने इतर पक्षीही मरतात. मग माझा मार्ग वाईट कसा?

गलबत: उंदीर बेटावर पोहत आले नव्हते ना? जसे आले तसेच जातील, तुमचं जनुक घेऊन. पोसम हे केसाळ प्राणी १८३७ मध्ये फरसाठी ऑस्ट्रेलियातून न्यूझीलंडला आणले. तिथे ते पीडा, ऑस्ट्रेलियात मात्र कायद्याने संरक्षित. तुमच्या 'संपवा'चा अर्थ किनाऱ्यागणिक बदलतो.

चिचुंद्री: इतकी घाई नको. २०१८ मध्ये लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात पिंजऱ्यातले मलेरियाचे डास ७ ते ११ पिढ्यांत संपले, पण उंदीर म्हणजे डास नव्हे. २०१९ च्या प्रयोगात ही नक्कल फक्त माद्यांत जमली. अ‍ॅडलेड विद्यापीठाच्या संगणकी गणितातही ड्राइव्हवाले २५० उंदीर सोडून २ लाखांचं बेट मोकळं व्हायला साधारण २० वर्षं लागतात.

ताकपिठं: तुम्ही दोघं उंदरांवर भांडताय, मला भीती माणसाची. १९९७ मध्ये न्यूझीलंड सरकारने सशांना मारणारा विषाणू आणायला नकार दिला. काही आठवड्यांत तो तिथे सापडला! शेतकऱ्यांनी चोरून आणला, मेलेल्या सशांचे अवयव घरच्या मिक्सरमध्ये फिरवून रानात पसरला. वैतागलेला माणूस परवानगीची वाट पाहत नाही.

चिचुंद्री: हे लागलं. क्रिस्पर ड्राइव्हची कल्पना मांडणाऱ्या केविन एस्वेल्टनेही २०१७ मध्ये, निसर्गरक्षणासाठी बेलगाम ड्राइव्ह सुचवणं ही आपली चूक होती, असं कबूल केलं. म्हणून मी साखळीवाल्या ड्राइव्हवर आहे. त्यातली एकेक कडी पिढीगणिक गळते, मग पसरणं आपोआप थांबतं.

गलबत: थांबतं, की थांबायला हवं? पिंजऱ्यात दाखवलंत?

चिचुंद्री: माझ्या हातून अजून नाही.

गलबत: मग तोवर विरोध कायम. पिंजऱ्यातल्या कामाला मात्र नाही, ते चालू ठेवा.