मदत हवी आहे : लेक टाहोमध्ये नायट्रॉक्स ३२ ची खोलीची मर्यादा कशी धरावी?

नमस्कार मंडळी,

सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातील आम्ही काही जण उन्हाळ्यात लेक टाहोला डायव्हिंगसाठी जाणार आहोत. आजवरचे आमचे सगळे डायव्हिंग समुद्रातले असल्याने, सुमारे १,९०० मीटर उंचीवरच्या या गोड्या पाण्याच्या तलावात ३२ टक्के ऑक्सिजनचे नायट्रॉक्स (साध्या हवेपेक्षा जास्त ऑक्सिजन असलेले ऑक्सिजन-नायट्रोजनचे मिश्रण) किती खोलीपर्यंत चालेल, यावरून गटात मतभेद झाले आहेत. प्रश्न जिवाशी निगडित असल्यामुळे जाणकारांनी आमचे गणित तपासून द्यावे, ही विनंती.

तिथे हवेचा दाब साधारण ०.८ बार असतो. वर येताना शरीरातल्या नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा धोका तळाच्या आणि पृष्ठभागाच्या दाबांच्या गुणोत्तरावर ठरतो, म्हणून तिथले ३० मीटर हवेच्या डायव्ह तक्त्यात (समुद्रसपाटीसाठी बनवलेल्या, खोली आणि वेळेच्या मर्यादांच्या कोष्टकात) जवळजवळ ३७ मीटर धरावे लागतात. एका सहकाऱ्याचे म्हणणे असे की, समुद्रात नायट्रॉक्स ३२ ची मर्यादा ३३ मीटर आहे, त्यामुळे या ‘३७ मीटर’च्या डायव्हला ते वापरताच येणार नाही. मला हे पटत नाही. ऑक्सिजनची विषबाधा त्याच्या प्रत्यक्ष आंशिक दाबामुळे (एकूण दाबातल्या ऑक्सिजनच्या वाट्यामुळे) होते. ३० मीटर गोड्या पाण्याचे २.९४ बार आणि वरच्या हवेचे ०.८ बार मिळून ३.७४ बार होतात, आणि त्याचे ३२ टक्के म्हणजे जेमतेम १.२ बार. ऑक्सिजनच्या आंशिक दाबाची १.४ बारची मर्यादा तिथे उलट ३६ मीटरच्या आसपास येते. तेवढे खोल जाण्याचा विचार नाही, पण तक्त्यासाठी काढलेली काल्पनिक खोली ऑक्सिजनच्या हिशेबात कधीही घालू नये, ही माझी समजूत बरोबर आहे ना?

मला जास्त काळजी सिलिंडरमधल्या ऑक्सिजनचे प्रमाण तपासणाऱ्या ॲनालायझरची वाटते. त्याचा सेन्सर मुळात ऑक्सिजनचा आंशिक दाब मोजतो आणि टक्के दाखवतो. घरी, समुद्रसपाटीला कॅलिब्रेट केलेला (तिथल्या हवेशी आकडा जुळवून घेतलेला) ॲनालायझर तसाच तलावाकाठी वापरला, तर साध्या हवेलाही तो १७ टक्क्यांच्या खालीच दाखवेल आणि आमचे ३२ टक्क्यांचे सिलिंडर २५ टक्क्यांचे वाटेल. त्या आकड्यावर विसंबून कोणी ४५ मीटरपर्यंत गेले, तर ऑक्सिजनचा आंशिक दाब १.६ बारच्याही वर जाईल. तेव्हा तलावाकाठीच हवेवर पुन्हा कॅलिब्रेट करणे पुरेसे आहे, की सिलिंडर जिथे भरले तिथे घेतलेले मोजमापही सोबत नोंदवून ठेवावे?

शिवाय आय-८० महामार्गाने परतताना डॉनर समिट या घाटमाथ्यावर सुमारे २,२०० मीटरपर्यंत चढावे लागते, म्हणजे तलावापेक्षाही वर, जिथे हवेचा दाब आणखी कमी असल्याने बुडबुड्यांचा धोका वाढतो. शेवटच्या डायव्हनंतर गाडी काढण्यापूर्वी तुम्ही किती वेळ थांबता?