सिम्युलेशन हॉकीतल्या विजेतेपदाच्या साथीदारांना सवंगडी म्हणावे का?

धागाकर्ता, परभणी

२०२१ च्या मे महिन्यात आमच्या संघाने एका सिम्युलेशन आईस हॉकी लीगचे विजेतेपद जिंकले. त्या संघातल्या एकाचाही चेहरा मी आजवर पाहिलेला नाही. तरीही गेल्या आठवड्यात जुना लॅपटॉप आवरताना अंतिम मालिकेतल्या सातव्या सामन्याचा तपशीलवार अहवाल सापडला, आणि तो वाचताना शाळेच्या संघाचा फोटो अचानक हाती लागलेल्या माणसासारखी माझी अवस्था झाली. घरी हे सांगितले तेव्हा ‘तुम्ही कुठे खेळलात, खेळला तो कॉम्प्युटर’ असे उत्तर मिळाले. हे उत्तर मला अपुरे वाटते, म्हणून हा धागा काढतो आहे.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इथे प्रत्येक माणूस एकच काल्पनिक खेळाडू घडवतो. स्केटिंग, पास, शॉट, अडवणूक अशा गुणांवर त्याने आपले पॉईंट वाटायचे असतात, आणि ते पॉईंट दर आठवड्याला नेमलेली कामे करून, म्हणजे सामन्यांवर लेख लिहून किंवा निकालांचे अंदाज देऊन मिळवायचे असतात. संघाचा व्यवस्थापक ड्राफ्टमधून, म्हणजे संघांनी आळीपाळीने करायच्या निवडीतून, खेळाडू निवडतो, कोण कोणत्या लाईनमध्ये, म्हणजे एकत्र उतरणाऱ्या तुकडीत, असेल ते ठरवतो, आणि मग फ्रँचाईज हॉकी मॅनेजरसारखा प्रोग्रॅम सामना चालवतो. सामना सुरू झाला की कोणाच्याही हातात काही उरत नाही. हे मला पूर्ण मान्य आहे, आणि माझा मुद्दा त्याच्या आधीच्या काळाविषयी आहे.

आईस हॉकीत एका वेळी बर्फावर सहा जण असले तरी सामन्याचा संघ वीस जणांचा असतो: बारा फॉरवर्ड, सहा डिफेन्स आणि दोन गोलरक्षक. त्या दोन गोलरक्षकांपैकी साधारणपणे एकच खेळतो. आमचा दुसरा गोलरक्षक घडवणारा माणूस फिनलंडचा होता. त्याचा खेळाडू तीन हंगाम बहुतेक बाकावरच बसून राहिला, पण त्याचे आठवड्याचे काम मात्र संघात सर्वांत आधी पूर्ण होत असे, आणि समोरच्या संघाच्या पॉवर प्लेवर, म्हणजे पेनल्टीमुळे आमचा माणूस कमी असतानाच्या त्यांच्या खेळावर, त्याने लिहिलेली टिपणे वाचूनच आमचा व्यवस्थापक बचावाच्या जोड्या लावत असे. तिसऱ्या लाईनच्या सेंटरची, म्हणजे मधल्या फॉरवर्डची, गोष्ट मला त्याहून जवळची वाटते. गोल करणाऱ्यांच्या यादीत नाव झळकण्याचा मोह सोडून त्याने सारे पॉईंट फेस-ऑफ (खेळ सुरू करतानाची दोघांतली झटापट) आणि बचावावर घातले, आणि पहिल्या लाईनचा विंगर, म्हणजे कडेचा फॉरवर्ड, संघाच्या वेतनमर्यादेत बसावा म्हणून स्वतःचा करार सर्वांत कमी रकमेवर आणला. ते पैसे खोटे होते, हे कोणीतरी म्हणेलच. परंतु त्या लीगमध्ये खेळाडूचे प्रशिक्षण त्याच पैशांतून विकत घ्यावे लागते, म्हणजे त्याने आपल्या खेळाडूची वाढ आपल्या हाताने थांबवली.

सातवा सामना आपल्याकडच्या पहाटे साडेपाचला होता. रात्रीच्या वादळात लाईट गेली होती, मोबाईलमध्ये नऊ टक्के चार्जिंग उरले होते, आणि रेंजसाठी गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून मी एकेक ओळ उमटताना वाचत होतो. तीन पीरियडनंतर २-२ बरोबरी होती. जादा वेळेत ११ मिनिटे ४० सेकंदांनी आमच्या तिसऱ्या लाईनच्या विंगरने गोल केला. एका गोलमागे जास्तीत जास्त दोन असिस्ट, म्हणजे गोलसाठी पास देणाऱ्यांची नावे, नोंदवले जातात, आणि त्यांतला पहिला त्या सेंटरच्या नावावर होता. माझ्या डिफेन्समनपुढे गोल शून्य, असिस्ट शून्य, अडवलेले शॉट चार आणि ‘अधिक एक’ एवढेच होते. ‘अधिक एक’ याचा अर्थ तो बर्फावर असताना आमच्या संघाने खाल्लेल्यापेक्षा एक गोल जास्त केला, आणि जादा वेळेतला तो गोल झाला त्या क्षणी तो बर्फावर होता.

मी या सर्वांना माझे सवंगडी मानतो. ज्यांना हे पटत नाही त्यांनी कारणासह लिहावे.

प्रतिसाद, नांदेड (माजी हाफबॅक)

तुम्ही मनापासून लिहिले आहे, म्हणून विरोधही मनापासून नोंदवतो. श्री गुरुगोबिंदसिंघजी सुवर्ण व रजत चषकासाठी देशभरातले संघ आमच्या नांदेडला येतात. ते सामने खालसा हायस्कूलच्या मैदानाच्या कडेला बसून पाहत मी हॉकी शिकलो आणि पुढे बारा वर्षे खेळलो.

पेनल्टी कॉर्नर मिळाला की बचावासाठी गोलरक्षक धरून पाचच जण मागे राहतात. चेंडू आत ढकलला गेल्याबरोबर त्यांच्यातला एक जण गोलरेषेवरून सुटतो आणि थेट फटका मारणाऱ्याच्या अंगावर धावतो. फटका चुकवण्यासाठी तो धावत नाही, फटक्याच्या वाटेत येण्यासाठी धावतो. आमच्या संघात हे काम करणाऱ्याच्या डाव्या नडगीवर आजही बोट बसेल एवढा खड्डा आहे. ५ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत जर्मनीविरुद्ध ५-४ अशी आघाडी असताना अखेरच्या काही सेकंदांत आपल्यावर पेनल्टी कॉर्नर आला, तो श्रीजेशने अडवला, आणि ४१ वर्षांनी ऑलिंपिक पदक मिळाले. लोकांना गोलपोस्टवर चढून बसलेला श्रीजेश आठवतो. मला मात्र तो प्रसंग आठवला की त्याच्यापुढून सुटलेले चौघे दिसतात.

सवंगडी हा शब्द मी त्या धावण्यासाठी राखून ठेवतो. तुमच्या सेंटरने करार कमी केला, त्याबद्दल त्याचा आदरच आहे. त्याला सहकारी म्हणा, मित्र म्हणा. परंतु ज्या खेळात कोणालाही लागू शकत नाही, त्या खेळात कोणी कोणासाठी पुढे झाला असे म्हणणे मला मान्य नाही.

प्रतिसाद, लातूर

मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते. माझा आक्षेप वेगळा आहे, तो ‘विजेतेपद’ या शब्दावर आहे.

समजा, तुमच्या संघाची तयारी इतकी उत्तम होती की कोणत्याही एका सामन्यात जिंकण्याची शक्यता ५५ टक्के होती. सात सामन्यांच्या मालिकेत अशा संघाची जिंकण्याची शक्यता जवळपास ६१ टक्के येते. अशा तीन मालिका ओळीने जिंकल्या तरच चषक मिळत असेल, तर ही शक्यता साधारण साडेबावीस टक्क्यांवर उतरते. म्हणजे तीन हंगाम कामे करून, करार कमी करून, टिपणे लिहून प्रत्येक फेरीत वरचढ ठरलेला संघही चारपैकी तीन वेळा रिकाम्या हाताने परततो. प्रोग्रॅम त्याच लाईन घेऊन पुन्हा चालवला असता तर ११ मिनिटे ४० सेकंदांचा तो गोल झालाच नसता, कदाचित समोरच्यांनीच जादा वेळेच्या पहिल्या पाच मिनिटांत गोल करून सामना संपवला असता. ज्याला तुम्ही संघाची कमाई समजता तो पुष्कळ अंशी सोडतीचा निकाल आहे.

धागाकर्ता

ताई, तुमचे गणित बरोबर आहे, पण त्यातले ५५ हे आकडे आले कुठून, याकडे लक्ष वेधतो. पहिल्या हंगामात आमचा संघ शेवटून दुसरा होता. त्या तळापासून वर येण्यासाठी तीन हंगाम लागले आणि त्यातला प्रत्येक पॉईंट कोणीतरी रात्री जागून मिळवलेला होता. सोडत होती हे कबूल, पण सोडतीत आमच्या चिठ्ठ्या वाढवणारी माणसे होती. मैदानावरच्या हॉकीतही चेंडू खांबाला लागून आत जातो किंवा बाहेर जातो, आणि तरी त्या संघाला आपण विजेताच म्हणतो. मला निकालापेक्षा ती तयारी आठवते.

काका, नडगीच्या खड्ड्यापुढे माझ्याकडे उत्तर नाही. एवढेच म्हणतो की अंगावर घेण्याचे प्रकार एकाहून अधिक असतात. तीन हंगाम बाकावर बसूनही काम न सोडणे हा त्यांतलाच एक प्रकार आहे, असे मी मानतो.

प्रतिसाद, लातूर

तयारी आठवते, असे आपण म्हणता. मग धागा विजेतेपदाच्या साथीदारांवर का आहे? शेवटून दुसऱ्या आलेल्या हंगामातही वीस जण होतेच. त्यांची तयारी कमी नव्हती, सोडत लागली नाही एवढेच. त्यांच्यापैकी एकाचाही उल्लेख आपल्या लेखनात नाही. निकालाला महत्त्व नाही असे म्हणायचे आणि आठवणी मात्र निकालानुसार निवडायच्या, या दोन्ही गोष्टी एकत्र टिकत नाहीत.

प्रतिसाद, छत्रपती संभाजीनगर

मी धागाकर्त्यांच्या बाजूने आहे. आमच्या पैठण तालुक्यातल्या गावी सप्ताहाच्या शेवटी काल्याचे कीर्तन होते आणि सवंगडी हा शब्द माझ्या कानांवर पहिल्यांदा तिथेच पडला. काल्यात प्रत्येक गोपाळ आपापली शिदोरी आणतो, कोणाची दहीभाताची, कोणाची नुसत्या शिळ्या भाकरीची, आणि ती एकत्र कालवल्यावर कोणाचा घास कोणाचा हे उरत नाही. प्रत्येकाने आठवड्याची मेहनत संघात ओतायची आणि निकाल सर्वांचा मानायचा, हा व्यवहार मला त्या काल्याच्या फार जवळचा वाटतो. सवंगडी ठरण्यासाठी जखम हवीच, अशी अट त्या कथेत कुठेही नाही.

प्रतिसाद, नांदेड (माजी हाफबॅक)

काल्याचे उदाहरण सुंदर आहे, पण तेच माझ्या बाजूने बोलते. गोपाळ यमुनेच्या काठी एकत्र बसले होते, एकमेकांच्या हातचे खात होते. शिदोरी पाठवून देऊन काला होत नाही.

प्रतिसाद, जालना

इथे सगळे शब्दावर भांडत आहेत, म्हणून माझा अनुभव मांडतो. मीही अशाच एका लीगमध्ये, वेगळ्या संघात, चार हंगाम होतो. पहिल्या दिवसापासून मी आणि आणखी दोघांनी मिळून तो संघ उभा केला. नव्याने आलेल्यांना पॉईंट कुठे घालायचे हे मीच शिकवत असे. चौथ्या हंगामाच्या मध्यावर व्यवस्थापकाने एका गोलरक्षकाच्या बदल्यात माझा खेळाडू दुसऱ्या संघाला देऊन टाकला. निरोप दोन ओळींचा होता आणि तो मी सोयाबीन विकायला मोंढ्यात रांगेत उभा असताना वाचला. त्या गोलरक्षकाच्या जोरावर माझा जुना संघ त्याच हंगामात विजेता झाला. पुढे त्यांनी विजेत्यांच्या आठवणींचा एक लांबलचक लेख लिहिला. त्यात माझे नाव नव्हते.

व्यवस्थापकाने चूक केली असे मी म्हणत नाही, संघासाठी ते योग्यच ठरले. परंतु उत्तर अमेरिकेच्या खऱ्या नॅशनल हॉकी लीगमध्येही स्टॅन्ली चषकावर नाव कोरण्यासाठी किमान अट असते: संघाच्या साखळी सामन्यांपैकी निदान निम्मे, किंवा अंतिम मालिकेतला निदान एक सामना. ती अट तरी आकड्यांची आहे, माणसाला आपण कुठे उभे आहोत हे कळते. आठवणीला अशी अट नसते आणि म्हणून तिथे अन्याय सहज होतो. ज्यांना सवंगडी म्हणवून घ्यायचे आहे त्यांनी आधी सांगावे की अदलाबदलीत गेलेल्याला ते काय म्हणतात. काकांना माझा प्रश्न असा की मलाही लागले नाही का?

धागाकर्ता

हा प्रतिसाद दोन दिवस विचार करून लिहितो आहे. विजेतेपदाच्या हंगामात आमच्या संघातूनही एक जण गेला होता. तो डिफेन्समध्ये माझ्या खेळाडूचा जोडीदार होता. अडीच हंगाम आमची जोडी एकत्र बर्फावर उतरली आणि पेनल्टीमुळे संघ एका माणसाने कमी असताना ती दोन मिनिटे बहुधा आम्हीच काढत होतो. त्याच्या बदल्यात जो विंगर आला त्यानेच जादा वेळेतला तो गोल केला. हा धागा लिहिताना मला फिनलंडचा गोलरक्षक आठवला, सेंटर आठवला, आणि ज्याच्यासोबत मी सर्वांत अधिक सामने काढले तो आठवला नाही. लातूरच्या ताईंनी माझ्या आठवणीतला जो दोष दाखवला तो खराच आहे, आणि त्यासाठी शेवटून दुसऱ्या हंगामापर्यंत मागे जाण्याचीही गरज नव्हती.

काल रात्री मी त्याचा जुना पत्ता शोधून त्याला लिहिले. सातव्या सामन्याचा अहवाल सोबत जोडला आणि आमच्या जोडीने एकत्र काढलेल्या सामन्यांची यादीही दिली. त्या सर्वांना मी अजूनही सवंगडीच म्हणतो. फक्त ते वीस होते असे आता म्हणणार नाही.

प्रतिसाद, नांदेड (माजी हाफबॅक)

जालन्याच्या बंधूंना उत्तर देणे भाग आहे. लागले, हे मान्य करतो. मोंढ्यातल्या रांगेत तो निरोप वाचणारा माणूस खराच होता. माझे म्हणणे एवढेच उरते की ते खेळताना लागलेले नाही, खेळातून काढल्यावर लागलेले आहे, आणि या दोन्हींत मी फरक करतो. सवंगडी या शब्दाबाबत माझे मत बदललेले नाही.

धागाकर्त्यांनी त्या जोडीदाराचे उत्तर आले तर इथे जरूर कळवावे.