दगडू आणि नकुशी एका माळेत नकोत

कुणीतरी लिहिलंय की दगडू, धोंडू, केरबा, भिकाजी ही नावं म्हणजे पोराची किंमत नसल्याचा पुरावा. नाही पटलं. उलटंच आहे ते. लागोपाठ मुलं दगावलेल्या घरात जन्मलेल्या पोराला ही नावं ठेवत, दृष्ट लागू नये, सटवाईचं लक्ष जाऊ नये म्हणून. माझ्या आजीचा भाऊ भिकू. तीन भावंडं गेल्यावर तो झाला. पणजीने त्याला सुपात घालून शेजारणीच्या ओटीत टाकलं आणि पसाभर जोंधळे देऊन परत घेतलं. वर नाकही टोचलं, मुलगी वाटावी म्हणून. नथू हे नाव येतं ते त्यातूनच. एवढा खटाटोप नको असलेल्या पोरासाठी कोण करतं?

खरी नकोशी नावं मुलींच्या वाट्याला आली. नकुशी, नकुसा. पुढचा तरी मुलगा व्हावा म्हणून. आणि हे पणजीच्या काळातलं नाही हं! ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात अशा २८५ मुलींचं रीतसर पुन्हा बारसं झालं, नव्या नावाचे दाखले दिले गेले. नावं त्यांनी स्वतः निवडली, कुणी देवीचं, कुणी चक्क नटीचं, ऐश्वर्या वगैरे. भिकूमामा मात्र ऐंशी वर्षं भिकूच राहिला आणि ‘मी विकत घेतलेला आहे, फुकटचा नाही’ असं ऐटीत सांगायचा.