मतदान आलं की दोननळी ठाण्यात, कट्टा मात्र खिशात

दोननळी
कालपासून एक पोस्ट फिरते आहे: "निवडणुकीत परवान्याची बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायला ज्याला जड जातं, त्याच्या मनात काळंबेरं आहे. सगळे परवाने सरसकट रद्द करा, राजकीय खून आपोआप थांबतील." लिहिणाऱ्याने परवान्याचा कागद जन्मात पाहिलेला नाही, म्हणून हा धागा.

झालेले खून बघा: दाभोलकर 2013, पानसरे आणि कलबुर्गी 2015, लंकेश 2017. चारही ठिकाणी 7.65 मिमीची गावठी पिस्तुलं. कलबुर्गी आणि लंकेश यांच्यावर तर एकाच पिस्तुलातून गोळ्या सुटल्याचं प्रयोगशाळेने सांगितलं. ही हत्यारं कुठल्याच कलेक्टर कचेरीच्या रजिस्टरवर नव्हती. जळगावच्या हद्दीला लागून मध्य प्रदेशातलं उमर्टी आहे, तिथून माल येतो हे शेंबडं पोरगंही सांगेल. तिथे आचारसंहिता कोण लावणार?

आणि परवानाधारकाचं काय? ए-1 फॉर्म, पोलीस चौकशी, डॉक्टरचा दाखला, हत्यार हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं एस-1 प्रमाणपत्र, घरात कुलूपबंद ठेवण्याची हमी. परवाना देणारं शहरात पोलीस आयुक्तालय, ग्रामीणला कलेक्टर. 2019 च्या कायदादुरुस्तीने माणशी तीनची दोन हत्यारं केली. एवढं सगळं करून वर आम्हीच संशयित.

सातरस्ता
यादी सोयीची काढलीत. 2 फेब्रुवारी 2024, उल्हासनगर. पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकाच्या दालनात गोळ्या सुटल्या, त्या आमदाराच्या परवान्याच्या हत्यारातून. त्यानंतर सहाच दिवसांनी दहिसरला माजी नगरसेवकावर फेसबुक लाइव्ह चालू असताना गोळ्या झाडल्या. पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाचं, तेही परवान्याचं. हे रजिस्टरवर होतं ना?

दोननळी
होतं. आता तारखा पाहा. लोकसभेची आचारसंहिता 16 मार्चला लागली. दोन्ही प्रकार फेब्रुवारीतले. जमा करायच्या आदेशाने यातलं काय अडलं असतं, तेवढं सांगा.

सातरस्ता
मग मुळात परवाना कुणाला देता हाच प्रश्न आहे, आणि तुम्ही नेमका तोच टाळताय. बीडमध्ये बाराशेवर परवाने निघाले, गुन्हे दाखल असलेल्यांच्या कंबरेलाही. कमरेचं पिस्तूल दाखवत रील, हवेत बार, सगळं झालं. मस्साजोगच्या सरपंचाचा खून डिसेंबर 2024 चा, आणि तो बंदुकीने झालाच नव्हता; तरी परवान्यांची छाननी त्यानंतरच सुरू झाली. राजकीय हिंसा म्हणजे फक्त गोळी लागणं नव्हे. प्रचारात कंबरेला हत्यार लावून चार माणसं मागे उभी राहिली की समोरचा अर्ज मागे घेतो. गोळी झाडावी लागतच नाही.

कोर्टकट्टा
दोघेही अर्धवट बोलताय. आधी कायदा नीट बघा.

सरसकट जमा करण्याचा आदेश टिकत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2009 मध्येच सांगितलं की माणूस बघून निर्णय घ्या, छाननी समिती नेमा. निवडणूक आयोगाच्या सूचनांतही ज्यांची हत्यारं तपासायची असे तीन गट आहेत: जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले आणि पूर्वी दंगलीत, विशेषतः निवडणुकीच्या दंगलीत, सापडलेले. बँकेचे सुरक्षारक्षक आणि नेमबाजीचे खेळाडू यांना सवलत असते. प्रत्यक्षात समिती एक सही करते आणि ठाण्यातून सगळ्यांना एकाच मजकुराची नोटीस जाते. भांडायचं तर त्या नोटिशीशी भांडा.

दोननळीसाहेब, जमा करायचा आदेश ज्या कलमाखाली निघतो त्याला अजून 144 म्हणणारे खूप आहेत, पण 1 जुलै 2024 पासून ते कलम 163 आहे. आदेशाची मुदत दोन महिने; शासनाने वाढवली तरच पुढे. मुदत संपली की हत्यार परत मिळावं म्हणून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी विचारलंत तर "साहेब बंदोबस्ताला गेलेत" एवढंच ऐकायला मिळतं.

आणि सातरस्ता, हवेत बार काढणं हा 2019 पासून वेगळा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. सार्वजनिक ठिकाणी हत्यार परजायला 2016 च्या शस्त्र नियमांतही मनाई आहे. कायदा कमी नाही, रील बघून परवाना रद्द करणारा हात कमी आहे.

हुरडापार्टी
काय बोलायलाव राव तुम्ही सगळे! पिस्तूल, आमदार, रील. आमच्या बारा बोअर बंदुकीचं कोण बोलणार? नगरपालिका डिसेंबर 2025 ला, महापालिका 15 जानेवारीला, लगेच फेब्रुवारीत झेडपी. ज्वारी हुरड्यात आली की रानडुकरं आली, आणि बंदूक ठाण्यात. पीक संरक्षणाचा परवाना कशाला दिलाय मग, भिंतीवर टांगायला?

बाळीवेस_ताई
दादा, पीक संरक्षणाचा परवाना म्हणजे डुक्कर मारायचा परवाना नव्हे. त्याला वनखात्याची परवानगी वेगळी लागते. नान्नज अभयारण्याकडे काळवीट आडवं आलं तर ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, बार काढलात तर पिकाचं राहू द्या, स्वतःच आत जाल.

हुरडापार्टी
ताई, ते ठाऊक हाय. काळविटाला कोण मारायलंय? आवाज काढला तरी कळप पळतो.

सातरस्ता
आवाजाला फटाके आहेत.

हुरडापार्टी
या एकदा रात्री दोनला, लावून दाखवा. तिसऱ्या दिवशी डुक्कर फटाक्याकडं बघतसुद्धा नाही.

तेलपाणी
जमा करायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण जमा केलेली बंदूक परत येते तेव्हा तिची जी दशा असते, त्यावर कुणीच बोलत नाही. मुद्देमाल कक्षात ती दस्त्यावर उभी, कोपऱ्यात, पोत्याला टेकून असते. दोन महिन्यांत नळीतलं तेल खाली उतरतं, दस्त्याच्या लाकडात मुरतं, लाकूड मऊ पडतं आणि पहिल्या चार-पाच बारांत सांध्यापाशी चीर जाते. म्हणून देतानाच चिठ्ठी बांधा: तोंड खाली.

देण्याआधी नळीत कोरडी चिंधी, मग तेलाचा अगदी पातळ हात. बोटांचे ठसे पुसा, घामाच्या मिठाने तिथूनच गंज धरतो. चामड्याच्या म्यानात अजिबात देऊ नका. चामडं ओल धरतं, आणि त्यात राहिलेल्या काडतुसांच्या पितळेवर हिरवं कीट चढतं. प्लॅस्टिकची पिशवी त्याहून वाईट, आतली दमट हवा आतच कोंडते. सुती कापडात गुंडाळा. दोननळीत रिकाम्या पुंगळ्या (उडवलेल्या काडतुसांची कवचं) घालून दोन्ही घोडे सोडून द्या, नाहीतर स्प्रिंगा महिनोन्महिने ताणलेल्या राहतात.

दोननळी
शेवटचं चुकलं. घोडे सोडून नळी सुटी केली की बिनघोड्यांच्या (म्हणजे घोडे आत लपलेल्या) कित्येक बंदुका परत जोडताना अडतात. शिपाई जोर लावतो आणि अग्रदस्ता, म्हणजे नळीखालचं लाकूड, मोडतो.

तेलपाणी
सुटी कर म्हटलंच नव्हतं, पण मुद्दा खरा. घोडे सोडायचे तर बंदूक जोडलेली द्या. सुटी द्यायची तर घोडे चढलेलेच राहू द्या. दोन्हीतलं एक निवडा.

विजापूरवेस
तेल कुठलं? डब्ल्यूडी-40 मारून दिलं तर चालेल ना?

तेलपाणी
नाही! ते पाणी हटवायला आहे. पातळ असतं, उडून जातं आणि मागे चिकट थर राहतो, धूळ धरायला. आपल्याकडे ओल कमी पण धूळ उदंड. बंदुकीचं तेल वापरा, नाहीतर शिलाई मशीनचं. खोबरेल लावणाऱ्याला मात्र परवानाच देऊ नये.

विजापूरवेस
ग्रीस?

तेलपाणी
बाहेरून चालेल. नळीत नको.

सातरस्ता
धागा राजकीय हिंसेचा होता. आता शिलाई मशीनपर्यंत आलात. यालाच म्हणतात परवानाधारकांची सामाजिक जाणीव.

दोननळी
आणि तुमची जाणीव म्हणजे ज्याची बंदूक गंजली त्यालाच गुन्हेगार म्हणायचं. जपानएवढा कडक कायदा कुठे आहे? जुलै 2022 मध्ये तिथल्या माजी पंतप्रधानांना घरी बनवलेल्या बंदुकीने मारलं. लोखंडी पाइपला कुठला परवाना लावणार?

सातरस्ता
तिथे अशी एक घटना झाली तर जगभर बातमी होते. आपल्याकडे गावठी कट्टा सापडला की आतल्या पानावर चार ओळी. कडक कायद्याचा उपयोग नसता तर उलटं झालं असतं.

बाळीवेस_ताई
कट्टा-कट्टा करताय, पण आपल्या भागात मारामारीत निघतो तो कोयता आणि तलवार. पातं नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असेल तर ते शस्त्र कायद्याच्या यादीत येतं. घरातली आणि शेतातली अवजारं वगळलीत. नेमकी तीच फट. पकडला की "शेतावर निघालो होतो". मिरवणुकीतली तलवार कुणी जमा करून घेतल्याचं ऐकलंय?

कोर्टकट्टा
ताईंचा मुद्दा सगळ्यांत जवळचा, म्हणून त्याला कुणी उत्तर देणार नाही.

दोननळी
देतो. कोयत्याचं मान्य. आणि सातरस्ता, एक तुमचंही मान्य करतो, खूश व्हा: जामिनावर असलेल्याचं हत्यार निवडणुकीपुरतं नाही, खटला संपेपर्यंत काढून घ्या. माझी हरकत नाही. पण ज्याच्यावर साधी एनसी (अदखलपात्र तक्रार) नाही, त्याला वर्षात तीनदा ठाण्याच्या दारात उभं करू नका.

सातरस्ता
"एनसी नाही" हे ठरवणार कोण? तीच एक सहीवाली समिती. पण जामिनाचं लिहून दिलंत, ते जपून ठेवतो. माझी सूचना: परवान्याचं प्रत्येक हत्यार विकतानाच एक गोळी झाडून पुंगळी आणि गोळी प्रयोगशाळेत ठेवा. मग दुसऱ्याच्या हातात गेलेलं पिस्तूलही मालकापर्यंत पोचेल.

दोननळी
पुंगळ्या ठेवणार कुठे? मुद्देमाल कक्षातच ना? तोंड खाली करून ठेवा म्हणावं.

हुरडापार्टी
ते जाऊ द्या. तेलपाणी भाऊ, परवा बंदूक परत मिळणार हाय. लगेच रानात नेली तर चालती का?

तेलपाणी
ठाण्यातच उघडून बघा. आधी पावतीवरचा क्रमांक आणि बंदुकीवरचा क्रमांक जुळवा, मग काडतुसं मोजा. पावतीवर बंदुकीची कंपनी, बोअर, क्रमांक, काडतुसांची संख्या आणि देतानाची अवस्था लिहून घेतली नसेल तर आता काही बोलता येणार नाही, पुढच्या वेळी घ्या. मग नळी उजेडाकडे धरून दोन्ही बाजूंनी बघा. कुंभारीण माशी नळीत मातीचं घर करते, वरून कळत नाही. तसाच बार काढलात तर नळी फुगते किंवा फाटते, डावा हात जातो. गज घालून साफ करा, कोरडी चिंधी फिरवून तेल काढा. तेल साचलेलं असलं तरी दाब वाढतो. काडतुसं फुगलेली वाटली, खाचेत अडकली, तर ठोकून बसवू नका.

हुरडापार्टी
कागदी हायेत, जुनी.

तेलपाणी
मग ती वापरूच नका. दुकानदाराकडे द्या, परवान्यावर नोंद करून नवी घ्या.

हुरडापार्टी
आन तवर डुकरं?

सातरस्ता
फटाके.