ऑटिस्टिक आहे पण चालता येतं, तरी एअरपोर्टवर असिस्टन्स मागू का?

लाजाळू_घुबड: मी २९, निदान २ वर्षांपूर्वी झालं. पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच एकटी पुणे-बंगलोर विमानाने चाललेय, ऑफिसचं काम आहे. आजवर भाऊ सोबत असायचा, त्याच्या बॅगेचा पट्टा धरला की झालं. गेट वगैरे शोधता येतं, अडतं ते सिक्युरिटीला. मागून लोक ढकलतात, ट्रे आदळतात, लॅपटॉप काढा चार्जर काढा दोघं एकदम ओरडतात आणि मग त्या पडद्याआड अंगावरून फिरणारं यंत्र आणि हात. मागच्या वेळी वाचाच बसली, नाव विचारलं तरी तोंडातून शब्द फुटेना. बुकिंगमध्ये असिस्टन्स उघडलं की व्हीलचेअरच दिसते. एखाद्या आजोबांची खुर्ची मी अडवतेय असं वाटतं. आई म्हणते उगाच शिक्का कशाला मारून घेतेस.

खिडकीची_सीट: मी पहिल्यांदा साइटवर टिक केलं तर एक पोरगा व्हीलचेअर घेऊन हजर. तो म्हणतो सर बसा, मी म्हणतो चालतो, शेवटी तो रिकामी खुर्ची ढकलत पुढे आणि मी मागे, अशी आमची वरात गेटपर्यंत 😅 दुसऱ्यांदा फोन करून सांगितलं की खुर्ची नको, डीपीएनए टाका. बौद्धिक किंवा विकासात्मक अपंगत्व असलेल्या प्रवाशाला मदत हवी असेल तर विमान कंपन्या हा कोड वापरतात. फोनवरच्या मुलीला माहीतच नव्हता, सीनियरला विचारून टाकला. ४८ तास आधी सांग, पैसे लागत नाहीत.

माजी_काउंटरवाली: अगं खुर्चीचा विचार सोड, २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात जे २१ प्रकार आहेत त्यात ऑटिझम आहेच. पण मी ७ वर्षं चेक-इनला होते म्हणून सांगते, आमच्या यादीत नुसता कोड दिसतो, तुला नेमकं काय हवंय ते त्यातून कळत नाही. चिठ्ठी लिहून ठेव, मराठी-हिंदीत दोनच ओळी: मी ऑटिस्टिक आहे, हात लावायच्या आधी सांगा, उत्तराला वेळ लागेल. वाचा बसली तर चिठ्ठी पुढे कर. आणि तपासणी सीआयएसएफची (केंद्रीय सुरक्षा दलाची) असते, आमचा माणूस फार तर रांगेतून पुढे नेईल, तपासणी काही टळत नाही. बंगलोरला सूर्यफुलांची हिरवी लॅनयार्ड (गळ्यात घालायची पट्टी) फुकट मिळते, मूळची ती २०१६ मध्ये लंडनच्या गॅटविकला सुरू झालेली, न दिसणाऱ्या अपंगत्वासाठी. परतीला माहिती काउंटरवर विचार.

डबा_आणि_हेडफोन: मी नाही मागत. सोबतचा अनोळखी माणूस अख्खा वेळ बोलतो, मधेच बाकावर बसवून गायब होतो, तो कधी येणार याचंच मला जास्त टेन्शन. त्यापेक्षा पहाटेची फ्लाइट, डिजियात्रा (चेहरा ओळखून आत सोडणारं ॲप; आत शिरताना कागद दाखवत बोलावं लागत नाही, अंगझडती मात्र होतेच), बेल्ट नाही, खिसे रिकामे. अर्थात माझी वाचा जात नाही, तुझी जाते, तेव्हा माझं ऐकू नकोस.

लाजाळू_घुबड: केला फोन. "मॅडम व्हीलचेअर पायऱ्यांपर्यंत की सीटपर्यंत" असं तीनदा विचारलं, तीनदा नको म्हटलं, मग कोड पडला. फक्त जातानाचाच मागितलाय, येताना लॅनयार्ड घालून बघते. चिठ्ठी लिहिलीये, पण "हात लावायच्या आधी सांगा" हे उद्धट वाटतं का? आईला अजून बोलले नाहीये.

माजी_काउंटरवाली: "कृपया" टाक पुढे. आणि मोठ्या अक्षरात लिही गं, तिथे उजेड बेताचाच असतो.