पॅकर्सची जेतेपदं १३ की ४? सुपर बोलच्या आधीची धरायची का?

यार्डलाइन

नमस्कार मंडळी. एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या मुख्य लीगच्या, सगळ्या संघांची जेतेपदं एका तक्त्यात मांडायला बसलो आणि पहिल्याच ओळीला अडलो. ग्रीन बे पॅकर्सपुढे एका यादीत १३, दुसरीत ४. शिकागो बेअर्स ९ की १? फिलाडेल्फिया ईगल्स ५ की २? डेट्रॉइट लायन्सची तर एकीकडे ४ आणि दुसरीकडे भोपळा. स्टीलर्स आणि पेट्रियट्स मात्र दोन्हीकडे सहाच. सुपर बोल, म्हणजे हंगामाची आजची फायनल, जानेवारी १९६७ मध्ये सुरू झाला एवढं ठाऊक आहे. त्याआधीची धरायची का? आणि धरायची तर कुठपासून?

एरीकाठ

धरायचीच. १९२० पासूनची सगळी.

मी क्लीव्हलंडला राहतो, ब्राउन्सचा माणूस, त्यामुळे माझ्यासाठी हा नुसता तक्त्याचा प्रश्न नाही. दर जानेवारीत टीव्हीवर पाटी झळकते: एकदाही सुपर बोल न खेळलेले संघ. ब्राउन्स, लायन्स, जॅग्वार्स, टेक्सन्स. यातले जॅग्वार्स १९९५ साली मैदानात उतरले, टेक्सन्स २००२ साली. त्यांच्या पंगतीला या दोन जुन्या संघांना बसवलेलं पाहिलं की जीव तुटतो. ब्राउन्स १९५०, ५४, ५५ आणि ६४ चे विजेते. लायन्स १९३५, ५२, ५३ आणि ५७ चे. त्यातही ५२, ५३, ५४ आणि ५७ या चारही फायनल याच दोघांमध्ये झाल्या. तो काळ त्यांचा होता.

आमच्या गल्लीत एक आजोबा आहेत. २७ डिसेंबर १९६४ ला ते अकरा वर्षांचे होते आणि वडिलांचा हात धरून म्युनिसिपल स्टेडियमला गेले होते. एरी सरोवराच्या अगदी काठावरचं मैदान, ७९,५४४ माणसं. समोर बाल्टिमोर कोल्ट्स: क्वार्टरबॅक (पास फेकून आक्रमण चालवणारा) जॉनी युनायटस, कोच डॉन शुला, हंगामात १४ पैकी १२ सामने जिंकून आलेले. ब्राउन्स हरणार असंच बहुतेक सगळे धरून चालले होते. मध्यंतराला ०-०. तिसऱ्या क्वार्टरमध्ये आमच्या लू ग्रोझाने ४३ यार्डांवरून फील्ड गोल मारला आणि मग फ्रँक रायनने गॅरी कॉलिन्सला तीन टचडाउन पास दिले, १८, ४२ आणि ५१ यार्डांचे. २७-०.

आजोबा सांगतात, पुढची माणसं उठली की त्यांना फक्त ओव्हरकोटांच्या पाठी दिसायच्या. वडील बखोटीला धरून त्यांना बाकावर उभं करायचे. तिसऱ्या टचडाउनला तेवढाही वेळ मिळाला नाही. तो त्यांनी पाहिला नाही, ऐकला. ते तिकीट अजून त्यांच्या पाकिटात आहे. घडीवर विरून दोन तुकडे व्हायला आलंय, पण तारीख वाचता येते. त्या तिकिटापुढे शून्य लिहायचं?

आता तुमच्या तक्त्यासाठी कामाचं. १९२० ते ३२ फायनल नव्हती. गुणतक्ता पाहून विजेता ठरायचा आणि टक्केवारीत बरोबरीचे सामने धरतच नसत. म्हणून १९३२ ला दहा सामने जिंकलेले पॅकर्स मागे पडले आणि सहा-सहा जिंकलेले बेअर्स व पोर्ट्समथ स्पार्टन्स वर. या दोघांचं एकसारखं झालं म्हणून जादा सामना ठेवला. बाहेर कडाक्याची थंडी आणि बर्फ, तेव्हा तो शिकागो स्टेडियमच्या छपराखाली, ८० यार्डांच्या आखूड मैदानावर झाला. बेअर्स ९-०. लोकांना हे इतकं आवडलं की पुढच्या वर्षी लीगचे दोन गट केले आणि दरवर्षी फायनल सुरू झाली. हरलेले स्पार्टन्स १९३४ ला डेट्रॉइटला गेले, तेच आजचे लायन्स.

चौथा डाउन

एरीकाठ, भावना पोचली. पण तुलना पटत नाही. १९६४ ला एनएफएलमध्ये १४ संघ, दोन गटांचे विजेते थेट फायनलला. म्हणजे गटात पहिले आलात की एकच सामना. आज ३२ संघांतले १४ प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीला, जातात आणि तीन किंवा चार सामने लागोपाठ जिंकावे लागतात. शिवाय तेव्हा आठ संघांची एएफएल ही प्रतिस्पर्धी लीग वेगळी चालू होती. तिची फायनल आदल्याच दिवशी, शनिवारी २६ डिसेंबरला, बफेलो बिल्सने चार्जर्सविरुद्ध २०-७ अशी जिंकली. मग खरा विजेता कोण?

एरीकाठ

बिल्सचा मुद्दा मान्य, आणि तो मलाही लागतो. बफेलोसुद्धा एरीच्याच काठावर. एका सरोवराकाठची दोन शहरं एका दिवसाच्या अंतराने अजिंक्य झाली आणि त्यांची गाठ पडलीच नाही. एएफएलला स्वतंत्र रकाना द्या. बिल्सची १९६४ आणि ६५ तिथे मानाने लिहा.

पण कमी सामने म्हणून खोडायचं म्हणाल तर ऐका. १९६६ च्या हंगामात पॅकर्सनी डॅलसला ३४-२७ आणि एएफएल विजेत्या चीफ्सना ३५-१० हरवलं. दोन सामने, संपलं. तो पहिला सुपर बोल, तो सगळे मोजतात. पॅकर्सचे कोच विन्स लोम्बार्डींनी सात वर्षांत पाच जेतेपदं मिळवली: १९६१, ६२, ६५, ६६, ६७. सुपर बोलपासून मोजलं की पहिली तीन जातात. त्यातली ६५ ची आम्हालाच हरवून घेतलेली, २३-१२, तरीही सांगतो. त्या माणसाच्या नावाची ट्रॉफी दरवर्षी उंचावायची आणि त्याच्या पाचातली तीन जेतेपदं गाळायची, हे कुठल्या हिशेबात बसतं? १९६५ ते ६७ सलग तीन गेली की काय जातं बघा. प्लेऑफ सुरू झाल्यापासून सलग तीन दुसऱ्या कुणालाच जमलेली नाहीत. चीफ्स फेब्रुवारी २०२५ ला त्याच उंबरठ्यावर होते आणि ईगल्सकडून ४०-२२ हरले.

कोळसापट्टी

१९२५ विसरू नका. अधिकृत यादीत शिकागो कार्डिनल्स आहेत, पण पेनसिल्व्हेनियातल्या पॉट्सविल मरून्सनी त्यांना त्यांच्याच शिकागोत २१-७ हरवलं होतं. मग मरून्सनी फिलाडेल्फियात नोत्र दामच्या माजी खेळाडूंशी मैत्रीपूर्ण सामना खेळला, ९-७ जिंकला, आणि तिथेच घात झाला. फिलाडेल्फिया हा फ्रँकफर्ड यलो जॅकेट्सचा हक्काचा इलाका. लीगचे अध्यक्ष जो कार यांनी मरून्सना निलंबित केलं. कार्डिनल्सनी दोन सामने जादा खेळून टक्केवारी वर नेली. पॉट्सविलकरांनी अँथ्रासाइट कोळशातून फुटबॉलच्या आकाराची ट्रॉफी कोरून घेतली. ती कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये आहे, काळीभोर, चकचकीत. २००३ ला संघमालकांसमोर हा विषय पुन्हा आला, ३० विरुद्ध २ मतांनी फेटाळला. बाजूने मत देणारे दोघेही पेनसिल्व्हेनियाचे, ईगल्स आणि स्टीलर्स.

यार्डलाइन

आभार सगळ्यांचे. ठरलं: एकूण जेतेपदं, त्यातली सुपर बोलची किती, आणि एएफएल वेगळी. १९२५ पुढे तारा आणि खाली मरून्सची टीप. वर्ष मात्र हंगामाचं लिहू की सामन्याचं?

एरीकाठ

हंगामाचंच. नाहीतर पॅकर्सवर हरलेली ती फायनल २ जानेवारी १९६६ ची, आणि पहिला सुपर बोल १५ जानेवारी १९६७ चा. सगळं एक-एक घर सरकेल.

तक्ता झाला की इथे टाका. आजोबांना छापून द्यायचा आहे, तेव्हा अक्षर जरा मोठं ठेवा.